वेल्डिंगला गेलेली कढई

प्रिय निकेत,

नवघर रोडचा आपला गाळा मी अजून रोज उघडते. शेजारच्या गाळ्यात हंसाबेनच्या स्टीलच्या वाट्यांचा खणखणाट तसाच चालू आहे. आपल्याकडे मात्र जुन्या विजेच्या मोटारी आणि हार्ड डिस्क पोत्यांत पडून आहेत, कारण त्यांतली लोहचुंबकं काढायला कढईच नाही. तळाला चीर गेलीय, वेल्डिंग करून आणतो, असं म्हणून तू ती नेलीस. आईची आहे, जपून ने, असं मीच बजावलं होतं. आता माझंच मला हसू येतं.

पहिल्या चुंबकाने तुझं बोट कसं चिमटलं होतं, आठवतं? नख काळंनिळं पडलं आणि तू धंदाच नको म्हणत होतास. स्टेशनबाहेर गरम फुटाणे खाताना मला सुचलं, चुंबकंही अशीच तापल्या वाळूत भाजली तर? चिकटवलेलं सुटेल आणि ओढही जाईल. तू केवढा हसलास! पण पहिल्याच घाण्याला ती खड्यांसारखी सुटी झाली आणि तू तिथेच, धुळीने माखलेला, मला लग्नाचं विचारलंस. दसऱ्याला आपण त्या कढईचीच पूजा केली.

मग परदेशातून येणारी चुंबकं अडली, मोटारगाड्या बनवणारे हवालदिल झाले आणि आपलं भंगार एकदम देशाचा महत्त्वाचा कच्चा माल झालं. दोन देशांच्या भागीदारीच्या बैठकीला तू दिल्लीला निघालास, तेव्हा तुझा शर्ट मी इस्त्री करून दिला. दोघांची नावं सांग, एवढंच म्हणाले होते.

परवा हंसाबेन पेपर घेऊन धावत आल्या, "संचिता, तेरे निकेत का फोटो आया है, देख तो!" दोन झेंडे, परदेशी कंपनीचा साहेब आणि त्याच्या हातात तुझा हात. पुढ्यात आपली कढई, कॅमेऱ्याकडे कलती ठेवलेली. हळदीकुंकवाची बोटं घासून काढलेली. तळाला ना चीर, ना वेल्डिंग. खाली छापलंय, निकेतने एकट्याने शोधलेली पद्धत. केसाने गळा कापलास रे. खूप रडले, मग तुझा भयंकर संताप आला. आई विचारते तेव्हा कढई वेल्डिंगलाच आहे म्हणून सांगते. तुझं खोटं आता मी बोलतेय.

काल तुझ्या ऑफिसातून कुणा रसिका नावाच्या मुलीचा फोन आला. त्या साहेबाबरोबर काढलेल्या तुमच्या नव्या कारखान्यात चुंबकं तडकतायत, सोमवारी परदेशी पाहुणे येणार आहेत, तर मी 'ट्रेनर' म्हणून येऊन दाखवीन का? तू घाईघाईने ती गरम असतानाच पाण्यात टाकायला लावली असणार. वाळूतच निवू द्यायची असतात, कितीदा सांगितलं होतं! तू स्वतः फोन केला नाहीस, म्हणून हे पत्र. येते मी. आईच्या कढईत भाजून दाखवीन आणि जाताना कढई घरी घेऊन जाईन. मधे कुणीतरी विचारेलच, ही युक्ती कुणाची? तेव्हा मी फक्त तुझ्याकडे बघेन. उत्तर तू द्यायचंस, निकेत, सगळ्यांसमोर.

कालपरवापर्यंत तुझीच,
संचिता