उघाडीची झडप आणि चौदा साहेब

चि. हिरामण यास,

मैनाबायचा आशीर्वाद. तुझ्या केसरचा गुडघा कसा हाय? तुझे ट्रक धावतायत ना? मी बरी हाय, फक्त डोकं तापलंय. ते तापलेलं असतानाच लिहायला बसलेय, कारण थंड झालं की मी सगळ्यांना माफ करते (तुला तर कितीदा केलंय). पत्र शेजारच्या गणराजच्या हाती देतेय, तो उद्या पनवेलला येतोय.

आपली मृणाली आता साहेब लोकांना शिकवते! माझी नात, आणि समोर चौदा साहेब वह्या उघडून! मुंबईहून रो-रो बोटीने आले, गावाबाहेरच्या बंगल्यात उतरले. मी विचारलं, काय गं शिकवतेस? तर म्हणे ओपन सोर्स. कॉम्प्युटरचं काम उघडं ठेवायचं, कोणीपण वापरायचं, कोणीपण दुरुस्त करायचं, आणि ते सगळ्यांनी मिळून सांभाळायचं कसं, ते साहेबांना न्हाय कळत. मी चौथी शिकलेली. उघडं, दुरुस्ती, सगळ्यांनी मिळून... मला वाटलं, ही आपल्या उघाडीचंच शिकवतेय! खारबांधातलं आपलं दार, ओहोटीला शेतातलं पाणी सोडतं नि भरतीला समुद्र अडवतं, त्याचा आता वर्ग निघाला! नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत जाऊन बसले.

आणि हिरामण, काय ऐकलं म्हणून सांगू! एक साहेब म्हणतो, याचा मालक कोण? दुसरा म्हणतो, आम्ही सहा वर्षं फुकट वापरतोय, पण आमच्या माणसांनी दुरुस्तीला हात का लावावा? तिसऱ्याला नऊ जणांची कमिटी हवी, नऊच्या नऊ त्याच्याच हापिसातले. माझं टाळकं फिरलं. उभी राहिले नि म्हणाले, सहा वर्षं भात खाल्लास आणि बांधावर एक पाटी माती टाकली न्हायस? लाज हाय का? जो चिखलात उतरतो तो बोलतो, कमिटी त्याची. आणि कोणी माती आणली म्हणून ती घ्यायचीच असं न्हाय. गेल्या साली गणराजने रेताड माती आणली, मी पाटी तशीच परत पाठवली (गणराज, पाकीट फोडलं असशील तर वाच, आजपण पाठवीन). 'न्हाय' म्हणणारा एक माणूस लागतोच. मृणाली हसून लाल झाली, तिला उघाडी म्हणायचंच नव्हतं म्हणे. पण साहेबांनी सगळं वहीत उतरवलं. 'न्हाय'सुद्धा उतरवलं!

तिने मग विचारलं, हे काम करणारा एकच माणूस असला आणि तो निघून गेला तर? मला तूच आठवलास. आपल्या बाबांच्या हाताखाली झडप बसवायला शिकलेला तू एकटाच, आणि तीन वर्षं तुझं तोंड दिसलं न्हाय. तांदळाची पोती मात्र ट्रक पाठवून वेळेवर नेतोस. त्या साहेबावर ओरडले ना, त्यातलं अर्धं तुझं होतं. घे.

तुझी थोरली बहीण,
मैनाबाय

ता. क. साहेबांना माझं बोलणं फार लागलं. दुसऱ्या दिवशी चौघं पॅन्टा गुडघ्यापर्यंत वर करून चिखलात उतरले आणि उघाडीची कुजलेली झडप काढून नवी बसवली. बघणाऱ्यांचे डोळे भरून आले.

आणखी ता. क. झडप उलटी बसलीय. आता शेतातलं पाणी अडतं नि समुद्र आत येतो. भात पोटरीला आलंय, पुनवेच्या उधाणाला पाच दिवस हायत. माणूस पाठवू नको, तू ये.

शेवटचं. तू विचारशील, 'न्हाय' म्हणणारी तू कुठे होतीस? मी बांधावर उभी राहून फोटो काढून घेत होते. तो फोटो मृणाली पुढच्या वर्गात दाखवणार हाय, खाली लिहिलंय, 'आजी प्रत्येक काम तपासून घेते'. तेव्हा ये, आणि कोणाला न सांगता झडप फिरव.