डॉक्टरांनी बाटली दिली नाही

ता. ६ डिसेंबर १९३६
डॉक्टरांनी बाटली दिलीच नाही! बैलांची दमणी जुंपून अमडापूरहून चिखलीला गेलो ते औषधासाठीच. लग्नाला दोन वर्षं झाली, आणि यांचं शरीर ऐन वेळी साथ देत नाही – हे आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊक नाही. वैदूची भस्मं खाऊन पोट तेवढं बिघडलं. घरात मात्र वांझ मीच! सासूबाईंनी यांच्या दुसऱ्या लग्नासाठी दुसरबीडची पोरगी हेरून ठेवली आहे. "संक्रांत झाली का पाहुणे बलावतो," म्हणतात.

डॉक्टरांनी यांना नीट तपासलं, मग मलाही आत बोलावलं. "शरीर ठणठणीत आहे, भीतीनं घात केलाय. विड्या बंद, संध्याकाळचा पेला बंद. रोज भरभर चाला. महिनाभर जवळ बसा, बोला, हात धरा – पण पुढे जायचं नाही. सक्त मनाई!"

"अन् औषध?" यांनी विचारलं.

"हेच औषध."

वाटभर यांचा हात विडीच्या खिशाकडे जायचा नि परत यायचा. मला हसू आवरेना.

ता. ९ डिसेंबर
विडी नाही म्हणून चिडचिड. आज बैलाशी भांडले!

ता. १४ डिसेंबर
पहाटे पळतच टेकडीवर जातात, घामाघूम होऊन येतात. मामंजी ओट्यावरून ओरडले – "काऊन पयते बे हा? मांगं कोन लागलं याच्या?"

ता. २० डिसेंबर
मनाई आहे म्हणून भीतीच गेली! हात धरून बसतो. आज म्हणाले, "मले वाटे, तू माहेरी सांगशील." मी कशाला सांगू? मग शोध लागला – यांना तळपायाला गुदगुल्या होतात! एवढा धिप्पाड माणूस, लहान पोरासारखा लोळला.

ता. २ जानेवारी १९३७
मनाई मोडली!! घरचे सगळे शेतात हुरड्याला गेलेले. मी म्हटलं, "अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डाक्टर चिखलीले हाये."

पुढचं लिहीत नाही. संध्याकाळी तीन भाकरी करपवल्या. यांनी तिन्ही खाल्ल्या!

ता. १५ जानेवारी
काल संक्रांत झाली. आज जेवताना सासूबाईंनी दुसरबीडचा विषय काढलाच. यांनी ताट बाजूला सारलं.

"माय, तिच्यात काई खोट नोयती. माह्यातच होती. डाक्टरले दाखवलं, आता चांगला हाय मी. पाहुणे आले त मी घर सोडून जाईन."

मामंजींचा घास हातातच राहिला. सासूबाई उठून आत गेल्या. मी चुलीपाशी रडत होते की हसत होते, देव जाणे. स्वतःच्या तोंडानं सांगितलं! माझ्यासाठी!

ता. १७ जानेवारी
दोन दिवस अबोला. आज परसात सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या, तुरीच्या शेंगा सोलू लागल्या. मग पदर तोंडाशी धरून हळूच –

"थो डाक्टर साठीच्या मान्सालेही पाह्यते का वं?"