अंबाड्यामागचा मुलगा

कर्वेनगर, पुणे
सोमवार

ती. आनंदीताईस,

धाकट्या श्रीनिवासचा नमस्कार. तुझा गुडघा आणि भाऊजींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. मी आणि तुझी भाग्यश्री इथे सुखरूप आहोत, म्हणजे परवापर्यंत होतो.

भाग्यश्रीला सांगून आलेला वरद नाटकात काम करतो आणि त्याच्या सगळ्या फोटोंत खोटी दाढी आहे, तेव्हा प्रयोगाला जाऊन त्याला नकळत पाहून ये, असं तू कळवलंस. काल गेलो. सोबत वही आणि रंगीत खडू नेले. (निवृत्तीनंतर मी चित्रकलेच्या क्लासला जातो हे तुला ठाऊक आहे, तू हसलीस हे मला ठाऊक आहे.) सध्या आमच्या नम्रताबाई इम्प्रेशनिस्ट पद्धत शिकवतात. त्यात नाकडोळे काढायचे नाहीत, उजेड काढायचा, आणि तो नीट दिसावा म्हणून डोळे अर्धवट मिटून बघायचं.

दुसऱ्या रांगेत बसून मी तसाच बघत होतो. रंगमंचावर वरदचे वडील (नाटकातले) नुकतेच वारले होते. तो रडता रडता थांबला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “काका, बाबा काही उठणार नाहीत. तुम्ही तरी उठा.” सगळं नाट्यगृह हसलं, प्रेतसुद्धा. अगं, मी झोपलो नव्हतो. पुरावा म्हणून मी चित्र उंच धरलं. तो पुढे येऊन वाकला आणि यात मी कुठे, असं विचारू लागला. मी पिवळा ठिपका दाखवला. मग पानभर हे काळं काय, म्हणाला. मी खरं तेच सांगितलं, की पुढच्या खुर्चीतल्या बाईंचा अंबाडा. (प्रेक्षकही चित्रात हवेत, असा नम्रताबाईंचा आग्रह असतो.) त्या बाई उठून वळल्या, चित्र निरखून म्हणाल्या, “माझा अंबाडा एवढा नाहीये.”

“आई, तू बस ना,” वरद हळूच म्हणाला.

मध्यंतरात बटाटेवडासुद्धा न खाता घरी आलो, यावरून काय ते समज.

तरी मुलगा चांगला आहे. आवाज खणखणीत, प्रसंगावधान उत्तम. नाक कसं आहे ते विचारू नकोस. आमच्या पद्धतीत नाक नसतं. खुशाल होकार कळव.

तुझा
श्रीनिवास

ता. क. रविवारी वरदकडची मंडळी माझ्याच घरी येणार आहेत. मामा खडकीला गेलाय म्हणून सांग. मी खरंच जाईन.

आणखी एक ता. क. होकार तूर्त थांबव. भाग्यश्री ऑफिसातून आली, तिला चित्र दाखवलं. अंबाडा कोणाचा तेही सांगितलं. तिचं म्हणणं जसंच्या तसं पोचवतो, पुढचं तू बघ: “मामा, ठिपका मला आवडला. पण अंबाडा जरा बाजूला सरकेल का, ते आधी विचारून घ्या.”