ही ठेवण्यासारखी नाही

३ जून, मंगळवार

घडलं ते असं —

१. दुकानदाराने सोळा-पस्तीस मिलिमीटरची वाइड झूम लेन्स वापरून बघायला दिली. आवडली तर ठेवायची, नाहीतर परत.

२. रविवारी गच्चीवर घरच्यांचा फोटो काढला. दादा उजव्या कडेला, मावशी डाव्या.

३. आज तो मोठा करून पाहिला. मावशीचा चेहरा ओढल्यासारखा आलाय. त्याभोवती लाल गोल काढला. खाली लिहिलं : "विकृती फार. ही ठेवण्यासारखी नाही. परत पाठवावी म्हणते. तुमचं मत?"

४. हे फोटोग्राफीवाल्यांच्या ग्रुपवर जायचं होतं. घरच्या ग्रुपवर गेलं.

५. मी पुसेपर्यंत मावशीने वाचलं होतं.

६. मावशी आमच्याकडे राहते. आजारपणापासून.

४ जून, बुधवार

सकाळी मावशी पिशवी भरून दारात. "निघते गं. परत पाठवावी म्हणतायत ना मला!" — आणि हसली. आई हसली नाही.

मी काय करावं? समजावायला लागले! "ही" म्हणजे लेन्स. विकृती म्हणजे कडेला आकार ताणला जातो ती, आम्ही कामावरही हाच शब्द वापरतो. सगळं नीट, क्रमाने. जणू गिऱ्हाइकाला तपासणीचा अहवाल वाचून दाखवतेय.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. तळहात गालावर, नेहमीसारखा. गेल्या थंडीत तिच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तेव्हापासूनची सवय. आता बरंच सुधारलंय असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

"कळलं गं मायक्रोमीटर," म्हणाली. उपकरणांची मापं तपासायच्या विभागात लागले तेव्हापासून मी तिची मायक्रोमीटर. "माझंही घर आहेच की. किती दिवस बंद ठेवायचं?"

ती गेल्यावर आई — "अर्थ काय सांगत बसलीस! आधी तिच्या हातातली पिशवी नाही का घ्यायचीस?"

दादा — "लेन्स वाइड आणली, डोकं मात्र अरुंदच."

 

५ जून, गुरुवार

कामावर तपासणीला आलेले तीन गेज नापास केले. तिन्ही खरोखरच नापास होते, दोनदा तपासले. आज स्वतःवर भरवसा नव्हता.

६ जून, शुक्रवार

मावशी फोन उचलते. आईचा. माझा वाजत राहतो.

आई म्हणाली, "घरात एकटी आहे. खाल्लंस का विचारलं तर म्हणे, भूक नाही. चावताना घास एका बाजूला राहतो, चारचौघांत खायला लाजते. इथे आपल्यात आत्ता कुठे जेवायला लागली होती!"

मला हे माहीत नव्हतं. एकाच टेबलाशी बसून.

दुकानदाराचा निरोप — ताई, ठेवताय की देताय? हिच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक थांबलंय.

एक ठरवलं. लेन्सची डावी बाजू बिघडलेली आहे याचा पुरावा काढायचा. भिंतीचे फोटो, दोन्ही कडांची मापं. ते मावशीपुढे ठेवायचं — हे बघ, दोष हिचा होता! मग तिला यावंच लागेल.

८ जून, रविवार

मागच्या गल्लीतली विटांची भिंत. तिपाई, लेव्हल, टायमर. सोळापासून पस्तीसपर्यंत. मग कॅमेरा उलटा धरून पुन्हा.

लेन्स उत्तम आहे. डावी कड, उजवी कड — फरक नाही. वाइडला जेवढं ताणलं जायला हवं तेवढंच ताणते, दोन्हीकडे सारखं.

मग गच्चीवरचा फोटो पुन्हा उघडला. दादाचा खांदा बाहेरच्या बाजूला रुंद झालाय. मावशीचाही, तितकाच. पण मावशीचं तोंड खाली गेलंय. लेन्स बाहेर ओढते. एका माणसाचा ओठ तेवढा खाली ओढत नाही. हे मला येतं. शिकवलंय मी हे दुसऱ्यांना!

आणि आठवलं. फोटोच्या वेळी तिचा हात गालावर होता. मीच ओरडले होते, "मावशी, हात खाली घे ना, फ्रेम बिघडतेय."

"घेते बाई. तू सांगतेस म्हणून."

घेतला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आणि मी तिथे लाल गोल काढला.

९ जून, सोमवार

आईला सांगितलं. ती कणीक मळायची थांबली. मग म्हणाली, "तिला नको सांगूस. लेन्स खराब निघाली म्हण, विषय मिटव. ती यायला तयारच आहे गं, काहीतरी निमित्त हवंय तिला."

खरं सांगितलं तर कदाचित येणार नाही. खोटं सांगितलं तर येईल, आणि मी रोज समोर बसून जेवेन. तिला न बघता. आत्तापर्यंत जेवत होते तशी.

दुकानदाराला कळवलं — ठेवतेय.

१० जून, मंगळवार

पाठवलं. नाव तीनदा तपासून, फक्त तिला —

"मावशी, लेन्समध्ये काही दोष नाही. मी तपासली. तो तुझाच चेहरा होता आणि मला तो ओळखता आला नाही, कारण तू आजारी पडल्यापासून मी तुझ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी तुला जे समजावलं ते चूक होतं. माफ कर. मला तुला घ्यायला यायचंय. हात गालावर ठेव, नाहीतर नको ठेवूस. पिशवी मी घेईन. येऊ का? शनिवारपर्यंत कळव."