गोल गाजरांचं इन्स्पेक्शन

४ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. फक्त गाजरांची. बाकीचं आयुष्य जसं चाललंय तसं चालू दे.

काल साडूभाऊंकडे जेवायला होतो. त्यांनी कुंडीतलं लिंबाचं झाड दाखवलं. झाडाला तीन लिंबं. तीन लिंबांवर माणूस चाळीस मिनिटं बोलला. माझ्या तोंडून निघून गेलं की आम्ही यंदा गोल गाजरं लावतोय. गाजर कधी गोल असतं का, असं ताईंनी (हिच्या मोठ्या बहिणीने) विचारलं. मी म्हटलं, असतं, लिंबाएवढं, आणि खोल माती लागत नाही म्हणून कुंडीत झकास येतं. हे मी नर्सरीत पाकिटावर वाचलं होतं. पाकीट घेतलं नव्हतं.

साडूभाऊ हसले. मग जानेवारीत खायलाच येतो म्हणाले, आणि तिथल्या तिथे १२ जानेवारी ठरवूनही टाकली. मी म्हटलं, अवश्य या.

५ नोव्हेंबर
पाकीट आणलं. पेरणी ते काढणी पासष्ट दिवस. म्हणजे तीन दिवस हातात राहतात. आरामात.

गॅलरीत सहा कुंड्या. स्टीलची पट्टी लावून बी पेरलं. बावीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात पोलादी गोळ्या तपासतोय. गोलाईबद्दल मला कुणी शिकवू नये.

हिचं तोंड उतरलं. गॅलरीत तिला शिलाई मशीन हलवायचं होतं. बेडरूममध्ये भर दुपारी दिवा लावून सुई ओवावी लागते, हे खरं आहे. बालवाडीच्या बाईंनी साठ मुलांचे युनिफॉर्म शिवाल का म्हणून विचारलंय, १३ जानेवारीपर्यंत हो-नाही कळवायचंय. अकरा वर्षं ती शेजारणींच्या फॉल-पिकोवर आहे, पहिल्यांदाच कुणी मोठं काम घेऊन आलंय. उजेड नसेल तर घेणार नाही म्हणाली, लहान मुलांचे कपडे आहेत, अंदाजाने शिवायचे नाहीत.

मी म्हटलं, १२ तारखेला चोवीस गोल गाजरं निघाली नाहीत तर गॅलरी तुझी. निघाली तर पुढची बॅच तिथेच. लिहून द्या म्हणाली. दिलं. चोवीस नग, व्यास किमान तीस मिलिमीटर, खाली सही, तारीख. तिने कागद घडी करून मशीनच्या खणात ठेवला.

उरलेलं बी तिने मागितलं. मोरीबाहेरच्या फुटक्या बादलीत टाकलं. पट्टी न लावता!

२० नोव्हेंबर
उगवलं! एकूण नव्वद रोपं. रजिस्टर केलं, प्रत्येकाला नंबर दिला. ऑफिसातून येताना साडूभाऊंना मुद्दाम फोन केला. ते आंघोळीला गेले होते. ताईंना निरोप दिला की नव्वद.

८ डिसेंबर, सकाळी ५.५०
पहिलं सॅम्पलिंग. प्रत्येक कुंडीतून एक रोप हळूच उपटलं, धुतलं, जाडी मोजायला व्हर्नियर लावला, रजिस्टरमध्ये मांडलं, पुन्हा होतं तिथे खोचून माती दाबली. सरासरी चार मिलिमीटर. गोलाई अजून यायचीय.

नर्सरीवाल्याला सहज सांगितलं. तो हातातली झारी ठेवून माझ्याकडे बघत राहिला. साहेब, गाजर एकदा उपटलं की संपलं, त्याचं मूळ म्हणजेच ते, असं म्हणाला. हा माणूस दिवसभर झाडं विकतो. लॉट काय असतो, प्रोसेस कंट्रोल काय असतो, त्याला कुठून कळणार.

१४ डिसेंबर
कारखान्यात कॅमेऱ्याचं मशीन आलं. माझ्या टेबलाच्या जागीच बसवलं. मिनिटाला हजार गोळ्या बघतं. मोठ्या साहेबांनी सांगितलं की तुम्ही फक्त शेजारी बसायचं, अडलं तर लाल बटण दाबायचं. दिवसभर अडलं नाही.

दुपारी उगीचच एक गोळी बोटांत फिरवत बसलो. पूर्वी नुसत्या बोटाने सांगायचो, ही जाणार, ही राहणार. आज कुणी विचारलं नाही.

घरी आलो आणि सहाही कुंड्यांचं शंभर टक्के इन्स्पेक्शन केलं. नव्वदच्या नव्वद उपटून मोजली, परत लावली. बरं वाटलं.

१८ डिसेंबर
पानांनी मान टाकलीय. थंडी.

इन्स्पेक्शन दिवसातून दोनदा केलं. निष्काळजीपणा नको.

२७ डिसेंबर
सकाळी ही टेप घेऊन गॅलरी मोजत होती. कशाला, ते मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही. आकडा मात्र हातावर पेनने लिहून घेतला.

बादलीकडे ढुंकून बघत नाही ती. भाज्या धुतलेलं पाणी जाता-येता ओतते, बस्स. पानं मात्र माजलीत. नुसती पानं! मुळात काही नसतं तिथेच असा दिखावा असतो.

३ जानेवारी
शिल्लक अकरा. सगळ्यात जाड सात मिलिमीटर, त्यालाही दोन पाय फुटलेत. रजिस्टरमध्ये ‘लॉट प्रगतिपथावर’ असं लिहिलं.

६ जानेवारी
साडूभाऊंचा फोन. बारा तारीख लक्षात आहे ना, सकाळचा नाश्ता न करता येतो म्हणाले. हसलो.

बाजारात चौकशी केली. गोल गाजर कुणाकडेच नाही. एक भाजीवाला म्हणाला, गोल हवं तर बीट घ्या.

१० जानेवारी
ही बालवाडीत कापडाचे नमुने बघायला गेली होती. तीन तास मिळाले.

साधी लांब गाजरं तीन किलो. चाकूने तुकडे, मग पॉलिश पेपर. चोवीस नग, प्रत्येक साडेएकतीस मिलिमीटर. अशी गोलाई कुठल्या बागेत निघणार नाही! वर टूथपिकने पाला बसवला. फ्रीजमध्ये, खालच्या खणात, डब्यात.

ही फसवणूक नाही. याला रीवर्क म्हणतात, नापास माल दुरुस्त करून पास करायचा. कारखान्यात चालतं.

जेवताना हिने विचारलं की तुमचे तळवे केशरी का दिसतायत. मी म्हटलं, कारखान्यात नवीन ग्रीस आलंय. तिने फक्त मान हलवली आणि भात वाढला.

१२ जानेवारी, सकाळी ६.४०
ही आंघोळीला गेली तेवढ्यात चोवीसही पुरली. ओळीत, चार-चार. बाहेरून काही कळत नाही.

सकाळी ९.१५
पाला सुकतोय. पाणी मारलं. १७ नंबर आडवा झाला. उभा केला.

सकाळी १०.०५
आले. चहा चाललाय. साडूभाऊ सारखे गॅलरीकडे बघतायत. मी लिंबांची चौकशी करून त्यांना वीस मिनिटं अडकवलं. रोजनिशी घेऊन आत आलोय, कपाटातून चष्मा आणायचा बहाणा करून. ही दारात उभी आहे.

दुपारी २.३०
सगळं सुरळीत पार पडलं.

थोडक्यात: साडूभाऊ उठले, थेट चार नंबरच्या कुंडीशी वाकले आणि पाल्याला हात घातला. मला ओरडायचं होतं. इतक्यात हिने त्यांचा हात धरला. भाऊजी, पाहुण्यांनी मातीत हात घालायचा नाही, तुमच्यासाठी काढून ठेवलीत, असं म्हणाली आणि आतून वाडगा आणला.

वाडग्यात नऊ गाजरं. गोल. काही जराशी चपटी, एकाला नाकही होतं. बादलीतली.

साडूभाऊंनी एक कचकन खाल्लं. गोड आहे हो, म्हणाले. ताईंनी दुसरं घेतलं आणि विचारलं की हे कुणाच्या हातचं. बी यांनीच आणलं, असं ही म्हणाली. माझ्याकडे न बघता. मी मान खाली घालून कौतुक स्वीकारलं. विनय शोभून दिसला असावा.

ते गेल्यावर मशीनच्या खणातला कागद टेबलावर आला. त्यावर एक गोळा ठेवलेला. साडेएकतीस मिलिमीटर, टूथपिकसकट. ही कपबशा विसळायला निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

चोवीस हवी होती, नऊ निघाली. शब्द म्हणजे शब्द. मोठ्या मनाने गॅलरी देऊन टाकली.

१३ जानेवारी
सकाळी आठला तिने बाईंना होकार कळवला. फोन ठेवला आणि डोळे पुसले. कुंड्या मी एकट्याने खाली नेल्या.

संध्याकाळी धीर करून विचारलं की बादलीत काय केलं होतंस. पेरलं आणि विसरले, म्हणाली. मध्ये एकदाही तपासलं नाहीस? तिने मलाच विचारलं, वाढत्या मुळाला कुणी उपटून बघतं का. वर, पहिल्या दिवसापासून खिडकीतून सगळं बघत होते, म्हणाली. मग बोलली का नाहीस, असं मी विचारणार होतो. राहू दिलं.

१९ जानेवारी, रविवार
गॅलरीत मशीन बसलं. उजेड फार छान येतो, हे मान्य.

मी आपणहून म्हटलं की युनिफॉर्मना बटणं लावायचं काम माझ्याकडे दे, बावीस वर्षांचा अनुभव आहे. सकाळी आठपासून बसून बारा बटणं लावली. अंतर व्हर्नियरने मोजलेलं, एक केस इकडे-तिकडे नाही. शर्ट तिच्यापुढे ठेवले.

तिने एकेक बटण चिमटीत धरून ओढलं. सात हातात आली.

मी म्हटलं, अगं, प्रत्येक ओढून बघायचं असतं का. बटण ओढूनच बघायचं असतं, म्हणाली. लहान मुलं तोंडात घालतात. सातही बटणं माझ्यापुढे ठेवली आणि दोरा दुहेरी घ्या म्हणाली.

सातही परत लावतोय. सुई ओवली जात नाही. तिलाच ओवून मागितली.