मशीननं गोल कापला

जव्हार, रविवार, १५ ऑक्टोबर २००६

ठाण्याच्या कारखान्यात उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हापासून धातू कापायच्या मिलिंग मशीनचं हँडल मला धड फिरवता येत नाही. म्हणून तर पडवीतल्या जुन्या मशीनला मोटारी बसवून ती कॉम्प्युटरवर चालवायचा हट्ट धरला. आज दुपारी थोरला भाऊ आला. म्हणाला, "विकून टाक रे हे. तुझ्याच्यानं नाही व्हायचं आता." बोलताना सगळा वेळ माझ्या हाताकडं बघत होता. का बघावं असं?

मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. मशीनचं टेबल आपोआप सरकलं, कटर ॲल्युमिनियमच्या पट्टीत उतरला, पण कापलेला गोल एका कडेला चपटा आला. दादा हसला आणि पुन्हा हाताकडं बघू लागला. डोकं तापलं माझं. बायकोला हाक मारली. टेबलाखालचा नट ढिला होता, त्यानं टेबल सरकताना हिसका खात होतं; तो सुशीलानं पान्यानं आवळला. दुसरा गोल कापला, चारी बाजूंनी मापला. चोख!

दादा चहा न घेताच गेला. जाऊ दे.

खोडाळ्याच्या गिरणीवाल्याचा तुटलेला भाग नवा करून घ्यायला ठाण्याला जायचाय म्हणे. उद्या निरोप धाडतो: ठाण्याला कशाला? इकडं आण, मी करतो.