भिंत पुसू नये

मी, सिनालेई तुइमावावे, वय चोवीस, राहणार पोरिरुआ, न्यूझीलंड, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि कुणी न सांगता लिहीत आहे. बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरांना आशा आहे, मलाही आहे; तरी कागद केलेला बरा.

१. माझा लॅपटॉप आणि कायद्याची पुस्तकं धाकटी बहीण फेतू हिला. तिने शिकावं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. शेवटची ठरू नये.

२. पदवीच्या दिवशी आत्याने मान म्हणून अंगावर पांघरलेली बारीक विणीची चटईही फेतूलाच. आमच्या सामोअन रीतीप्रमाणे ती गादीखाली सपाट ठेवली होती. ओल गादीतून उतरली आणि चटईवर काळे डाग पडले. ते घासू नयेत. आधी भाडेकरू न्यायाधिकरणाला दाखवावेत.

३. ओल मोजायचं यंत्र आणि दोन हिवाळ्यांच्या नोंदींची वही आई, लोसा, हिला. शेगडी एकाच खोलीत, म्हणून आम्ही पाच जण तिथेच जमिनीवर झोपत आलो. सात वर्षांची असताना मला घशाच्या संसर्गातून संधिवाताचा ताप आला, तो हृदयात उतरला. घरामुळेच आला असं डॉक्टर म्हणत नाहीत. दाटीत आणि ओलीत घसे पुन्हा पुन्हा धरतात, एवढं म्हणतात.

४. घरमालकाच्या एजंट डेनिसबाई यांना मी काही ठेवत नाही. त्यांनी दर तपासणीला आईचे नारळाच्या दुधातले पाव खाल्ले आणि "घर कोरडे, नीटनेटके" असं लिहिलं. अर्धा दोष आमचा. त्या यायच्या आदल्या दिवशी आई व्हिनेगर घेऊन सगळ्या भिंतींवरची बुरशी पुसते.

मी म्हटलं, "आई, त्या पाहुण्या नाहीत."

"दारात आली की पाहुणीच. घाण दाखवू तिला? म्हणेल, या लोकांना घर ठेवता येत नाही."

पुढची तपासणी शुक्रवारी आहे. माझी एकच इच्छा: भिंत पुसू नये. पाव मात्र करावेत.

५. तक्रारीचा हक्क मला कुणाच्या नावे करता येत नाही. भाडेकरारावर आईचं नाव आहे, तेव्हा तो तिचाच. छताला आणि जमिनीखाली थंडी अडवणारं अस्तर, स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा, बैठकीत अठरा अंशांची ऊब: हे मालकाने द्यायचंच आहे. तक्रार केली म्हणून घर सोडायला लावणं कायद्याला मान्य नाही. हे मी आईला आमच्या सामोअन भाषेत चार वेळा सांगितलं आहे. ती चारही वेळा म्हणाली, "आणि रस्त्यावर आलो तर?"

आईला इथे साक्षीदार होता येत नाही, कारण तिला वाटा आहे. तिला राग आला. "पोरीच्या कागदावर मीच नको? मग मी सही करू कुठे?"

मी न्यायाधिकरणाचा अर्ज तिच्यापुढे सरकवला. बराच वेळ ती वाचत बसली. हे लिहीपर्यंत तिने पेनाचं टोपण काढलं आहे.

सही: सिनालेई तुइमावावे
साक्षीदार, दोघांनी समोर सह्या केल्या: आरोहा पोटाए, शेजारीण, केविन ड्रमंड, निवृत्त परिचारक
पोरिरुआ, १० ऑगस्ट २०२५